डोंग्याला किती घोडे?

भंडारा जिल्ह्यात अश्वशक्ती या मापाचा संबंध घोड्याशी नसून धानाशी आहे. जेम्स वॅट याने आपली वाफेची यंत्रे खपावीत म्हणून त्यांची घोड्याच्या कामाशी तुलना केली आणि त्यातून जे माप रूढ झाले, ते आज सुमारे ७४६ वॅट धरले जाते. परंतु साकोली, लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे माप भेटले ते विहिरीवर, तीन, पाच आणि साडेसात एचपीच्या कृषिपंपाच्या रूपाने, आणि त्याविषयीची त्याची धारणाही तेथेच कायमची पक्की झाली. ही धारणा थोडक्यात अशी, की जोडणीच्या कागदावर तीन असावे, विहिरीत पाच असावे, आणि शेजाऱ्याने पाच बसवल्याचे कळताच साडेसातची चौकशी सुरू करावी. मासेमारीच्या नावेला इंजिन निवडण्याचा प्रश्न या जिल्ह्यात उपस्थित होतो तेव्हा तो याच पूर्वसंस्कारावर येऊन पडतो, आणि तेथेच घोडे पेंड खाते.

हे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर होय. नावेच्या पोटात न बसवता तिच्या मागच्या उभ्या फळीला बाहेरून शिकंज्याने आवळायचे, वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली पाण्यात पंखा आणि हातात सुकाणूचे काम करणारी मूठ अशी तिची रचना असते, आणि काम संपल्यावर ती सोडवून खांद्यावर घरी नेता येते, निदान माहितीपत्रकात तरी. या यंत्राला बाजारात प्रथम खरे यश मिळवून दिले ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या ओले एव्हिनरूड याने, १९०९ मध्ये. सहलीला गेले असता त्याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीम खावेसे वाटले, तो तळे ओलांडून ते घेऊन आला, परंतु वल्ही मारत परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळले आणि त्या मनस्तापातून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी मानली, तर विस्कॉन्सिनच्या उन्हाळ्यात जे दीड अश्वशक्तीत भागले, त्याला भंडाऱ्याच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात किती अश्वशक्ती लागेल, हा प्रश्न स्वाभाविक ठरतो. मात्र येथील मच्छीमाराला आइस्क्रीम आणायचे नसून जाळे उचलायचे असते, हे विसरून चालत नाही.

आता पाण्याचा विचार. या जिल्ह्यातले बहुसंख्य तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी धान-उसासाठी बांधले; मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपुष्टात आल्यावर ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले. एका बाजूला मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जास्तीचे पाणी वाहून जाण्याची वाट आणि उरलेल्या बाजूंनी हळूहळू शेतात विरघळणारा काठ, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. त्यातल्या मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि मासे मारण्याचे साधन म्हणजे डोंगा. मग तो ओंडक्यातून कोरलेला असो, फळ्यांचा असो, पत्र्याचा असो की फायबरचा. ज्यांना डोंगाही परवडत नाही ते ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून रोहू, कतला आणि मरळ काढतात, आणि त्यांच्यापुढे अश्वशक्तीचा प्रश्न निर्माण होत नाही, एवढा एक लाभ त्यांच्या पदरात पडतो.

निवडीची चर्चा पानठेल्यावर होते. तेथे जमणाऱ्या विद्वानांत नाव चालवणारे थोडे आणि मोटरसायकल चालवणारे पुष्कळ असल्यामुळे चर्चेची सुरुवातच “किती पळते?” या प्रश्नाने होते. वेगाविषयीचा आदर या भूमीत मुरलेला आहे. शंकरपटाच्या दिवसांत बैलजोडीने किती वेळात धाव पूर्ण केली, हे सेकंदाच्या अंशापर्यंत सांगणारे जाणकार येथे गावोगाव सापडतात. २०१४ मध्ये पट बंद झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२३ च्या निकालाने त्यांचा मार्ग पक्का मोकळा झाला, तोवरच्या काळात हे ज्ञान वाया गेले नाही, ते बैलांवरून इंजिनांवर वळले. या मंडळींचा सिद्धांत सरळ आहे: पाच घोडे लावले तर जेवढे पळेल त्याच्या पाचपट पंचवीस घोडे लावल्यावर पळेल. जमिनीवर हा सिद्धांत पूर्ण खरा नाही. पाण्यात तो बुडतो.

तो का बुडतो हे विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. त्याने ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ अशी, म्हणजे हंस आणि डोमकावळा अशी नावे दिलेल्या दोन निराळ्या घडणीच्या नमुना-नावा वेगवेगळ्या आकारांत करून पाण्यात ओढून पाहिल्या आणि त्यांनी उठवलेल्या लाटांचा अभ्यास केला. पुढे याच वाटेने नावेच्या लांबीचा आणि वेगाचा जो नियम स्थिर झाला, त्याचा सारांश असा: नाव पाणी कापत चालते तेव्हा नाकापाशी एक लाट उठते आणि तिची लांबी नावेच्या वेगाबरोबर वाढत जाते, ही लांबी पाण्यातल्या नावेच्या लांबीइतकी झाली की नाव स्वतःच्याच दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात बसते, आणि त्याहून जोरात जायचे तर तिला स्वतःच उठवलेली लाट चढावी लागते. ही मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे. पाण्याला टेकलेल्या लांबीचे फूट घ्यावेत, त्यांचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटरच्या एककात मिळते. बारा फुटी डोंग्याला ताशी ८.६ किलोमीटर, सोळा फुटी डोंग्याला ताशी ९.९ किलोमीटर. त्या मर्यादेकडे सरकताना वेग दुप्पट करायचा तर शक्ती ढोबळमानाने आठपट लागते, आणि मर्यादेजवळ तर आठपटीनेही भागत नाही. साडेतीनशे किलो वजनाचा, जाळे, दोन माणसे आणि मासळीसह भरलेला डोंगा या मर्यादेपर्यंत नेण्यास दोन-तीन अश्वशक्ती पुरतात. त्यावरचे सर्व घोडे लाट उंच करण्याच्या कामी लागतात, आणि ती लाट काठावर धुणे धुणाऱ्या बायकांपर्यंत जाऊन पोहोचते, ज्यांचे या विषयावरचे मत कोणत्याही सूत्राहून स्पष्ट असते.

मर्यादेतल्या या वेगाने काय साधते, हेही तपासण्यासारखे आहे. तलावाची रुंदी आठशे मीटर धरली, तर वल्ह्याने ताशी चार किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास पलीकडे पोहोचण्यास बारा मिनिटे लागतात, छोट्या मोटरीने पाच, आणि ताशी तेहतीस किलोमीटर पळणाऱ्या मोठ्या मोटरीने दीड. म्हणजे मोठ्या मोटरीने छोटीच्या तुलनेत साडेतीन मिनिटे वाचतात. या वाचलेल्या वेळेचा जमाखर्च मांडताना इंजिन सुरू करण्याचा विधीही लक्षात घ्यावा लागतो. प्रथम पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करावा लागतो, मग नळीच्या मधोमध असलेला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबावा लागतो, मग चोक ओढावा, गियर मधोमध आहे याची खात्री करावी, एक पाय फळीला टेकवून दोरी ओढावी, ती परत आत जाऊ द्यावी, पुन्हा ओढावी, चोक अर्धा आत ढकलावा आणि पुन्हा ओढावी. पाच-सात ओढींनंतर इंजिन खोकते, काठावरची पोरे टाळ्या वाजवतात आणि ते बंद पडते. हवेचा स्क्रू सैल करायचा राहून गेला होता, हे साधारणपणे नवव्या ओढीनंतर निष्पन्न होते. तोवर वल्हे मारत निघालेला शेजारी पलीकडे पोहोचून जाळ्याचे टोक शोधत असतो.

तथापि लाट चढता येतच नाही असे नाही. तळ चपटा, वजन कमी आणि शक्ती भरपूर असेल, तर नाव एका क्षणी नाक वर करते, स्वतःच्या लाटेवर चढते आणि पाण्यात बुडून चालण्याऐवजी पाण्यावर घसरू लागते. अशा नावांचा वेग सांगण्यासाठी जॉर्ज क्राउच या अमेरिकी नौकारचनाकाराच्या नावाचे सूत्र वापरतात, ज्यात वेग हा वजनाला अश्वशक्तीने भागून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळावर ठरतो. त्या हिशेबाने साडेतीनशे किलोच्या हलक्या चपट्या नावेला १५ अश्वशक्ती लावल्यास ताशी तेहतीस किलोमीटरच्या आसपास आणि २५ लावल्यास त्रेचाळीसच्या आसपास वेग अपेक्षित धरावा. घोडे दहाने वाढले, खर्च वाढला, वेग दीडपटही झाला नाही. शिवाय हे आकडे सकाळी जाताना लागू पडतात. येताना डोंग्यात भिजलेले जाळे, मासळी आणि ‘पलीकडे सोडून दे’ म्हणून चढलेले दोन पाहुणे असतात, वजन सातशे किलोवर जाते, आणि तीच १५ अश्वशक्तीची मोटर आता नाक वर करून नाव चढवत राहते, चढवत राहते, आणि लाट ओलांडत नाही. या अवस्थेत पेट्रोल सर्वाधिक जळते, समोरचे काहीही दिसत नाही आणि काठावरून मात्र दृश्य अत्यंत वेगवान दिसते.

बाजारात या मोटरी २, ५, ८, ९.९, १५, २५, ४० अशा आकड्यांनी मिळतात. त्यांतला ९.९ हा आकडा ग्राहकाला बाटाच्या चपलेच्या किमतीची आठवण करून देतो, परंतु तो ग्राहकासाठी नसून कायद्यासाठी आहे: अमेरिकेतल्या कित्येक तळ्यांवर दहा अश्वशक्तीवरच्या इंजिनांना मनाई असल्यामुळे उत्पादकांनी मनाईच्या एक पाऊल अलीकडे उभे राहणारे यंत्र काढले. कागदावर तीन आणि विहिरीत पाच या परंपरेत वाढलेल्या माणसाला ही युक्ती फार कच्ची वाटेल. सोळा फुटी डोंग्याच्या लाटमर्यादेचा वेगही ताशी ९.९ किलोमीटरच निघतो, हा निव्वळ योगायोग आहे, आणि पानठेल्यावर तो सिद्धांत म्हणून सांगितला जाऊ नये.

पंख्याविषयी थोडेसेच. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात न घसरता पंखा जेवढा पुढे जाईल त्या अंतराचा. इंजिनाचे मिनिटाला पाच हजार फेरे, गियरमुळे पंख्याचे अडीच हजार आणि पिच नऊ इंच असेल, तर कागदावर ताशी चौतीस किलोमीटर येतात. प्रत्यक्षात पाणी हे लाकूड नसल्यामुळे पंखा घसरतो आणि जड नावेखाली तर फारच घसरतो. ओझे वाहणाऱ्या डोंग्याला कमी पिचचा पंखा हवा, एवढे सांगून हा विषय सोडणे बरे, कारण मोटरीबरोबर जो पंखा येतो तोच शेवटपर्यंत राहतो.

खरा प्रश्न पंखा कशात फिरतो हा आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते, त्या खतावर जलपर्णी माजते, आणि येथे इकॉर्निया या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती भंडारा शहरापाशी नदीवर हिरवा गालिचा पसरते. तलावांत कमळाचे देठ, शेवाळ, काठाला बेशरमाची झुडपे आणि पाण्याखाली कोणाचे तरी विसरलेले नायलॉनचे जाळे. ताशी चाळीस किलोमीटरची मोटर यात शिरली की काही सेकंदांत पंख्याभोवती देठांचा भारा वळला जातो. आणखी एक गोष्ट अशी, की बहुतेक मोटरी ज्या पाण्यात चालतात तेच पाणी आत ओढून थंड राहतात. त्याची खूण म्हणून इंजिनाच्या मागून एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. शेवाळाने आतली जाळी बंद झाली की धार थांबते आणि थोड्याच वेळात इंजिनही. जाणता चालक म्हणून पुढे कमी आणि मागे जास्त पाहतो, जे वेगवान वाहनाच्या चालकाकडून अपेक्षित नसते.

छोट्या मोटरीत या संकटावर एक विलक्षण विनम्र उपाय असतो. पंखा आणि दांडा यांना जोडणारी शिअर पिन मुद्दाम मऊ धातूची, पुष्कळदा पितळेची असते. पंखा खुंटावर आदळला की पिन तुटते, पंखा फिरायचा थांबतो आणि गियर वाचतात. पितळी भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या भंडारा शहराला हा सुटा भाग परका वाटण्याचे कारण नाही, आणि तरीही तलावाच्या मधोमध पिन तुटल्यावर चालकापाशी दुसरी पिन नसते, खिळा असतो. खिळा तुटत नाही. पुढच्या खुंटावर तुटतात ते गियर.

गोसीखुर्दवर मात्र मोटरीचा पक्ष घ्यावाच लागतो. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालेल्या आणि पुढे राष्ट्रीय प्रकल्प ठरलेल्या या धरणाला तेहतीस दारे आहेत, साठवणक्षमता सुमारे ११४६ दशलक्ष घनमीटर आहे आणि फुगवट्याचे पाणी भंडारा शहरापर्यंत येते. येथे जाळ्यापर्यंतचे अंतर मिनिटांत नव्हे तर किलोमीटरांत मोजावे लागते, दुपारनंतर वारा उलटा सुटतो आणि वल्हे मारणाऱ्याला काठ दिसत असूनही लागत नाही. अशा ठिकाणी ८ ते १५ अश्वशक्तीची मोटर चैन नसून शहाणपण आहे. परंतु याच पाण्याखाली बुडालेली झाडे आणि उठवलेल्या गावांच्या भिंती आहेत, म्हणून जेथे वेगाची गरज आहे तेथेच वेग धोक्याचा, अशी ही रचना झाली आहे. पर्यटकांच्या बोटी जेव्हा या पाण्यावर फेस उडवत जातात, तेव्हा मच्छीमारांच्या तरुण पिढीच्या मनात पंचवीसचा आकडा पुन्हा चाळवतो. पर्यटक तिकीट काढून बसतो आणि रोहू काढत नाही, हा भेद वयोपरत्वे लक्षात येतो.

शासनाचे धोरण या बाबतीत बरेच दिवस सुज्ञ राहिले आहे, हेतुपुरस्सर की अनवधानाने हे ठरवणे कठीण. गोड्या पाण्यातल्या मच्छीमारांसाठी जाळी आणि नावेवर अनुदान देणाऱ्या राज्याच्या योजनेत बिगरयांत्रिक नौका धरली आहे. डोंगा मिळतो, घोडा मिळत नाही. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिल्यामुळे कृषिपंप आणि मासेमारी एका छत्राखाली आली, आणि या दोहोंचा संकर कसा होतो हे पाहायचे तर बांगलादेशाकडे पाहावे, जेथे १९८० च्या दशकात सिंचनाच्या पंपाची डिझेल इंजिने शेतकऱ्यांनी देशी नावांवर चढवली आणि सारी नदीवाहतूक बदलून टाकली. विहिरीवरचे घोडे गंगेत न्हाले ते असे. भंडाऱ्यात हा प्रयोग अद्याप सर्रास झालेला नाही, याचे कारण कदाचित असे असेल की येथे पंप धानाला लागतो तेव्हाच डोंगा माशांना लागतो.

पेट्रोलचा हिशेब अप्रिय असल्यामुळे शेवटी ठेवला जातो. पूर्ण जोरात चालणारी २५ अश्वशक्तीची मोटर ढोबळमानाने तासाला नऊ ते दहा लिटर पिते आणि ५ अश्वशक्तीची सुमारे दोन. लिटरचा भाव शंभराच्या वर असताना पहिलीचा तास हजार रुपयांच्या घरात जातो. इतके रोहू रोज तासातासाला जाळ्यात येतील असे धरणारा अर्थशास्त्रज्ञ तलावाच्या काठावर राहत नसावा. वजनाचेही तसेच: ५ अश्वशक्तीची मोटर पंचवीस किलोंच्या आतबाहेर, १५ ची चाळीस ते पन्नास आणि २५ ची पन्नासच्या पुढे. ती मागच्या फळीला लटकते, तिच्याशेजारी चालक बसतो, त्याच्या पायाशी पेट्रोलची टाकी असते, आणि मग हलक्या डोंग्याचे नाक आकाशाकडे जाऊ नये म्हणून एका माणसाला पुढे नुसते बसवावे लागते. दांड्याची लांबी पंधरा इंची की वीस इंची, म्हणजे मागच्या फळीच्या उंचीशी जुळणारी की नाही, हे विकत घेताना सर्वांत आधी विचारायला हवे. ती चुकली तर पंखा एकतर हवा कापतो किंवा चिखल. हा प्रश्न सहसा मोटर घरी आल्यावर विचारला जातो, वरातीमागून.

अशा रीतीने निवडीचे सूत्र फ्रूडपाशी किंवा क्राउचपाशी न सापडता तलावाच्या पाळीवर सापडते. चोरीच्या भीतीने मोटर रोज संध्याकाळी सोडवून घरी न्यावी लागते, पाळ चढून जावे लागते, आणि पावसाळ्यात ती पाळ निसरडी असते. ५ अश्वशक्तीची मोटर एक माणूस खांद्यावर नेतो. २५ ची न्यायला दोघे लागतात. आणि दुसरा माणूस नुसती मोटर उचलायला येत नाही, तो जाळ्याला हात लावतो, पुढे बसून डोंग्याचे नाक खाली धरतो आणि संध्याकाळी मासळीत निम्मा वाटा मागतो.